तळहात समोर ठेवून उभा असलेला माणूस

‘मनगटाच्या वर जखम आहे’ हे वाक्य ऐकायला स्पष्ट वाटते. पण जखमी माणसाने हात डोक्यावर धरला असेल, तर वर म्हणजे बोटांकडे की कोपराकडे? त्याने तळहात टेबलावर पालथा टेकवला असेल, तर वर म्हणजे मनगटाची पाठ का? बोलताना हे तिन्ही अर्थ चालून जातात. सांगणारा आणि ऐकणारा एकाच खोलीत असतात आणि बोट दाखवले की प्रश्न मिटतो. केसपेपरवर ती सोय नसते. रात्रपाळीच्या परिचारिकेने लिहिलेले सकाळची परिचारिका वाचते. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेले जखम प्रमाणपत्र काही वर्षांनी न्यायालयात उघडले जाते, आणि तोवर जखम भरून गेलेली असते. तेव्हा जागा दाखवायची ती शब्दांनीच.

हे पुस्तक त्या शब्दांचे आहे. शरीराची स्थिती, दिशा आणि हालचाल सांगणाऱ्या मूलभूत संज्ञा त्यात आहेत. परिचारिका, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, योगशिक्षक, खेळाचे प्रशिक्षक आणि गावोगावचे आरोग्यसेवक हे त्याचे वाचक. यांतले बहुतेक जण या संज्ञा पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा आहे असे मला वाटत नाही, शिकवण्याचा क्रम चुकतो. आधी संज्ञांच्या जोड्या येतात, आणि ज्या एका माणसाच्या आधारावर त्या सगळ्या उभ्या आहेत तो एका आकृतीत उरकला जातो. इथे तो माणूस आधी येतो.

तो ताठ उभा आहे. चेहरा आणि नजर समोर, क्षितिजाकडे. पावले जवळजवळ, बोटे पुढे. हात अंगालगत खाली सोडलेले आणि तळहात समोर, म्हणजे अंगठे बाहेरच्या बाजूला. शारीरशास्त्रात हीच प्रमाण स्थिती. कॉलेजात तिला सरळ ‘अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन’ म्हणतात. असे कोणी सहज उभे राहत नाही. बसची वाट पाहणाऱ्या माणसाचे तळहात मांड्यांकडे वळलेले असतात. मग या माणसाने ते मुद्दाम समोर का धरायचे?

उत्तर कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात आहे. तिथे दोन हाडे आहेत. तळहात समोर असतो तेव्हा ती शेजारीशेजारी समांतर असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस बाहेर, करंगळीच्या बाजूचे अल्ना आत. तळहात मागे वळवला की रेडियसचे खालचे टोक अल्नाला ओलांडून आतल्या बाजूला येते आणि दोन हाडांची फुली होते. कोपर अंगाशी धरून काटकोनात वाकवा, दुसऱ्या हाताने मनगटाच्या जरा अलीकडे पकडा आणि तळहात उताणा-पालथा करा. एक हाड जवळपास जागेवर राहते आणि दुसरे त्याच्याभोवती फिरते, हे बोटांना कळते. आता मनगटाची ‘बाहेरची’ बाजू कोणती? तळहात समोर असताना अंगठ्याची, मागे असताना करंगळीची. प्रमाण स्थिती ठरली की हा वाद उरत नाही. रुग्ण पालथा पडलेला असो, खुर्चीत बसलेला असो की अपघातात हात पाठीमागे मुडपलेला असो, वर्णन करणारा त्याला मनातल्या मनात उठवून उभा करतो, तळहात समोर वळवतो आणि मगच लिहितो. अंगठ्याची बाजू नेहमीच बाहेरची.

त्याच न्यायाने उजवे आणि डावे नेहमी रुग्णाचे, पाहणाऱ्याचे कधीच नाही. छातीची क्ष-किरण फिल्म वाचताना रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे धरतात, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. सीटी स्कॅनचे आडवे काप पाहताना रुग्ण उताणा आहे आणि आपण त्याच्या पायांकडून डोक्याकडे पाहतो आहोत असे मानतात. उजवी बाजू पुन्हा आपल्या डावीकडेच. फिल्मच्या कोपऱ्यातले बाजूचे अक्षर शोभेसाठी नसते. साधारण दहा हजारांत एका माणसाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात, हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे. अक्षर नसेल तर फिल्म उलटी टांगली आहे की माणूसच असा आहे, हे ठरवता येत नाही. शस्त्रक्रिया चुकीच्या बाजूला होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी-यादी आणली. तिच्यात भूल देण्याआधीच जागेवर खूण केली आहे का, हे विचारले जाते. इतकी साधी गोष्ट यादीत घालावी लागली, यावरून उजव्या-डाव्याची गफलत किती सहज होते ते कळते.

दिशांच्या बाकीच्या जोड्यांवर इथे फार थांबत नाही, त्यांचे प्रकरण स्वतंत्र आहे. शरीराच्या मधोमध डोक्यापासून खाली एक रेषा कल्पायची. तिच्या जवळचे ते अभिमध्य, तिच्यापासून लांबचे ते पार्श्व. पुढचे अग्र, मागचे पश्च. हातापायांसाठी मात्र वर-खाली टाळतात आणि समीपस्थ-दूरस्थ वापरतात, म्हणजे अवयव धडाला जिथे जोडला आहे तिथून जवळ किंवा लांब. सुरुवातीच्या जखमेचा प्रश्न या जोडीने सुटतो. मनगटाच्या समीपस्थ म्हटले की हात कुठेही असो, जागा कोपराच्याच बाजूची.

ही शिस्त फार जुनी नाही. शारीरतज्ज्ञ वेसालिअसने १५४३ साली बासलला आपला शरीररचनेचा ग्रंथ छापला, त्यातले स्नायूंचे मानव उभे आहेत खरे, पण एखाद्या नाटकातल्यासारखे, कोणी हात पसरून तर कोणी मान वळवून, मागे टेकड्या आणि गावे. पुढची साडेतीनशे वर्षे प्रत्येक देशाने, किंबहुना प्रत्येक प्राध्यापकाने, आपापली नावे वाढवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे पाच हजार रचनांना मिळून पन्नास हजारांच्या घरात नावे झाली होती. तेव्हा जर्मन शारीरतज्ज्ञांनी पुढाकार घेतला आणि १८९५ मध्ये, पुन्हा बासललाच, एका रचनेला एक लॅटिन नाव अशी यादी मंजूर झाली. १९५५ साली पॅरिसला तिची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आली आणि १९९८ साली नवी प्रमाण परिभाषा. संशोधकांची नावे अवयवांना चिकटवण्याची पद्धत या याद्यांनी मोडायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी ती फारशी मोडू दिली नाही, ते वेगळे.

आपल्याकडेही एक प्रमाण पवित्रा होता, आणि तो अजून योगवर्गात रोज वापरला जातो. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. म्हणून शरीराची पुढची बाजू पूर्व आणि पाठीची पश्चिम. पश्चिमोत्तानासनात टाचेपासून मानेपर्यंत मागची बाजू ताणली जाते, पूर्वोत्तानासनात पुढची. साधक प्रत्यक्षात कोणत्याही दिशेला तोंड करून बसलेला असला तरी त्याची पाठ पश्चिमच राहते. विचार तोच आहे: खोली फिरली तरी शरीराच्या दिशा फिरत नाहीत.

हालचालींबाबत सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान मुद्दाम वाचण्यासारखे आहे. तिथे २१० संधी मोजले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार केले आहेत. बोटे, मनगट, घोटा, गुडघा आणि कोपर यांचे सांधे ‘कोर’. काख आणि जांघ यांचे ‘उलूखल’, म्हणजे उखळ. कवटीचे ‘तुन्नसेवनी’, शिवणीसारखे. जबड्याचे ‘वायसतुंड’, कावळ्याच्या चोचीसारखे. बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा हा आजच्या पाठ्यपुस्तकातला भेद तिथे स्पष्ट दिसतो. हालणारे संधी आणि स्थिर संधी अशी विभागणीही आहे. संख्या आजच्या मोजणीशी जुळत नाहीत आणि ओढूनताणून जुळवण्यात अर्थ नाही. आज आपण वापरतो ते आकुंचन आणि प्रसरण वैद्यकाबाहेरही भेटतात. वैशेषिक दर्शनात कर्माचे, म्हणजे गतीचे, पाच प्रकार आहेत: वर फेकणे, खाली फेकणे, आकुंचन, प्रसारण आणि गमन. पदार्थविचार करणाऱ्यांच्या वर्गवारीतले हे दोन शब्द फिजिओथेरपीच्या तक्त्यातही आहेत.

स्थितींच्या बाबतीत मराठी बोलीला काही उसने घ्यायची गरज नाही. उताणे, पालथे, कुशीवर, उकिडवे, मांडी घालून, ओणवे असे शब्द घरात रोज वापरले जातात आणि ते नेमके आहेत. पाठीवर निजणे आणि पोटावर निजणे यांत केवळ सोयीचा फरक आहे असे समजू नका. उताण्या माणसाच्या फुप्फुसांचा पाठीकडचा भाग हृदयाच्या आणि पोटाच्या भाराखाली दबतो. फुप्फुसे गंभीर आजारात सुजलेली असतील तर तोच भाग मिटून जातो, आणि रक्त मात्र तिथे वाहत राहते. पालथे केले की तो भाग पुन्हा उघडतो. फ्रान्समधल्या प्रोसेवा या चाचणीत अशा रुग्णांना दिवसाला सोळा तासांच्या आसपास पालथे ठेवले, आणि २८ दिवसांतला मृत्युदर जवळपास ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. ते निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आठ वर्षांनी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला घरच्या रुग्णांसाठी पालथे झोपण्याच्या सूचना काढाव्या लागल्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डाव्या कुशीवर झोपायला सांगतात त्याचेही कारण असेच जागेचे आहे. खालच्या अंगातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर मणक्यांच्या उजव्या अंगाला असते, आणि उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार तिच्यावर येतो.

आता हालचाली. पुस्तकाचा मोठा भाग त्यांना दिला आहे आणि माझाही जीव त्यांच्यातच आहे.

हाताने जेवणाऱ्या माणसाकडे पाहा. ताटाकडे जाताना तळहात खाली वळलेला असतो, कोपर थोडे उघडते. बोटे आकुंचतात आणि अंगठा फिरून त्यांच्या टोकांसमोर येतो. घास धरला की कोपर वाकते आणि त्याच वेळी तळहात तोंडाकडे उताणा होत येतो. वाकवणे आणि उताणे करणे ही दोन कामे दंडाचा एकच स्नायू, बायसेप्स, करतो. तो रेडियस हाडाला जोडलेला असतो. तळहात पालथा असताना त्याची दोरी हाडाभोवती गुंडाळली जाते, आणि तो आखडला की ती उलगडते आणि हाड फिरते. उताणे करण्याची ताकद पालथे करण्यापेक्षा जास्त असते ती त्यामुळे. उजवखुऱ्या माणसाला स्क्रू घट्ट करणे सोपे आणि सैल करणे जड जाते, त्यातही हाच स्नायू आहे.

प्रमाण स्थितीतला प्रत्येक सांधा शून्य अंशावर आहे असे धरून हालचाल मोजतात. कोपर सुमारे १५० अंश वाकते, घोट्यातून पाऊल वर साधारण २० आणि खाली ५० अंश जाते. गुडघ्यासाठी पाश्चात्त्य तक्ते १३५ अंश देतात. टाचा टेकून उकिडवे बसणाऱ्याचा गुडघा त्याहून बराच पुढे जातो, आणि भारतात शिकणाऱ्याने तो तक्ता जसाच्या तसा उचलू नये. आपल्या रुग्णाला संडासला बसायचे असते, पंगतीला मांडी घालायची असते. मांडी घालणे ही एकच हालचाल नाही हेही लक्षात घ्यावे. खुब्यात आकुंचन, मध्यरेषेपासून दूर जाणे आणि बाहेर वळणे या तिन्ही एकदम होतात, आणि गुडघा वेगळा वाकतो. ‘मांडी घालता येत नाही’ अशी तक्रार आली तर यांतली कोणती अडते ते शोधावे लागते.

काही ठिकाणी ही व्यवस्था कुरकुरते, आणि विद्यार्थी नेमके तिथेच अडखळतात. बाजूला नेण्याच्या हालचाली शरीराच्या मध्यरेषेपासून मोजायच्या असे शिकवले जाते, पण हाताच्या बोटांना ती रेषा लागू नाही. तिथे मधले बोट मध्य धरतात आणि पायाच्या बोटांत अंगठ्याशेजारचे. मधले बोट स्वतः कोणत्याही बाजूला गेले तरी ते दूर जाणेच. हाताचा अंगठा तर बाकी बोटांशी काटकोनात वळलेला आहे, म्हणून त्याचे सगळेच नव्वद अंशांनी फिरते. तळहात उताणा ठेवून अंगठा छताकडे उभा केला की ते अपवर्तन, म्हणजे दूर जाणे, आणि तळहातावरून करंगळीकडे सरकवला की आकुंचन.

गुडघा त्याहून विचित्र. खांदा, कोपर, मनगट, खुबा यांचे आकुंचन पुढच्या बाजूला होते आणि गुडघ्याचे मागे. याचे कारण गर्भात सापडते. चौथ्या आठवड्याच्या शेवटी हातापायांचे अंकुर दोन्ही बाजूंना फुटतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यात हाताचा अंकुर बाहेरच्या अंगाला सुमारे नव्वद अंश वळतो आणि पायाचा आतल्या अंगाला. म्हणून कोपर मागे आले आणि गुडघा पुढे. हाताचा अंगठा बाहेर राहिला आणि पायाचा अंगठा आत आला. पायाच्या त्वचेतल्या संवेदनांचे पट्टे तिरके उतरतात, तेही त्या वळणाचेच चिन्ह. घोट्यातून पाऊल वर उचलण्याला आकुंचन म्हणतात, पण ते करणाऱ्यांत बोटांकडे जाणारे स्नायू एक्स्टेन्सर, म्हणजे प्रसारक, या नावाचे आहेत. नावात विसंगती दिसली की तिथे शरीराचा इतिहास दडलेला असतो; ती पाठ करण्यापेक्षा तिचे कारण शोधणे सोपे जाते.

बैलाच्या पायाकडे पाहूनही हा गोंधळ होतो. त्याच्या पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतात ते खरे तर मनगट आहे आणि मागच्या पायाचा उलटा वाकणारा सांधा म्हणजे घोटा. टाच जमिनीपासून बरीच उंच. पशुवैद्यक म्हणूनच वर-खाली किंवा पुढे-मागे न म्हणता डोक्याकडे, शेपटीकडे, पाठीकडे आणि पोटाकडे असे बोलतात.

कुष्ठरोगाच्या कामात या संज्ञा किती साध्या होऊ शकतात ते दिसते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ पासून आणि नंतर वरोड्याच्या आनंदवनात या रुग्णांची सेवा झाली, ती परंपरा महाराष्ट्राला ठाऊक आहे. या रोगात हातापायांच्या ठरावीक नसा सुजतात, आणि वेळीच कळले तर औषधाने अपंगत्व टळू शकते. ते ओळखायला आरोग्यसेवक चार हालचाली करून घेतो: करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट वर, पाऊल वर. पहिलीत कोपरामागून जाणारी अल्नर नस तपासली जाते, दुसरीत मीडियन, तिसरीत रेडियल आणि चौथीत गुडघ्याच्या बाहेरून वळून पावलाकडे जाणारी नस. मग रुग्णाला तसेच धरून ठेवायला सांगून उलट दाब द्यायचा आणि सशक्त, अशक्त की लुळे एवढीच नोंद करायची. या चार सूचनांत एकही संस्कृत किंवा लॅटिन संज्ञा नाही. तरी गफलत होत नाही, कारण प्रत्येक वेळी आधी पवित्रा ठरवून दिलेला असतो. करंगळी आणि अंगठ्यासाठी तळहात उताणा, मनगटासाठी मूठ पालथी. तळहात पालथा ठेवून ‘अंगठा वर’ म्हटले तर वेगळाच स्नायू काम करतो आणि तपासणी फसते.

म्हणून परिभाषेविषयी माझे धोरण थोडे सैल आहे. कोशांतल्या मराठी संज्ञा मी सर्वत्र दिल्या आहेत, कारण परीक्षेत आणि ग्रंथांत त्या भेटतात. शेजारी दवाखान्यात ऐकू येणारे फ्लेक्शन, एक्स्टेन्शन, रोटेशन हे शब्दही आहेत. एका जोडीबद्दल मात्र इशारा देतो. अपवर्तन आणि अभिवर्तन हे एकमेकांसारखे ऐकू येतात, आणि त्यांचे इंग्रजी मूळ त्याहून वाईट आहे. अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन उच्चारताना अनुभवी डॉक्टरही अक्षरे सुटी करून ‘ए-बी’ आणि ‘ए-डी’ म्हणतात. रुग्णाशी किंवा सहकाऱ्याशी तोंडी बोलताना ‘अंगापासून दूर’ आणि ‘अंगाकडे’ म्हणावे. तेवढ्याने शास्त्र बुडत नाही.

प्रकरणे क्रमाने वाचावीत, पण बसून वाचू नयेत. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला उभे राहायचे आहे आणि हालचाल स्वतःच्या सांध्यावर करून पाहायची आहे. आकृत्यांतला माणूस मुद्दाम चेहऱ्याविना ठेवला आहे, म्हणजे त्याच्या जागी स्वतःला घालणे सोपे जावे.

शेवटचे प्रकरण चालण्याचे आहे, कारण आधीच्या सगळ्या संज्ञा तिथे एकदम लागतात. एक टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक फेरा होतो. त्यातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. हवेत असताना गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकतो आणि पाऊल वर उचललेले राहते. ते उचलणारी नस निकामी झाली असेल तर माणूस मांडी उंच उचलून चालतो आणि पाऊल जमिनीवर आपटते. चालताना प्रत्येक फेऱ्यात काही क्षण दोन्ही पाय टेकलेले असतात; धावताना ते क्षण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन्ही पाय हवेत असल्याचे क्षण येतात. त्या प्रकरणाच्या आकृत्यांत उजवा पाय काळा आणि डावा राखाडी दाखवला आहे. उजवा अर्थातच चालणाऱ्याचा.